गालावरच्या दोन रेघा

खोतीगावच्या कुळागरात, पाटाच्या कडेला
कुजक्या झावळ्यांखाली चोच खुपसत
एक कस्तूर पुढे सरकतो.
नारिंगी डोकं, राखी-निळी पाठ,
पांढऱ्या गालावर काजळाच्या दोन उभ्या रेघा,
कुणीतरी बोटं पुसावीत घाईघाईत, तशा.
हा इथलाच. आषाढात घरटंही इथंच बांधतो,
चिखल, मुळं आणि शेवाळ वापरून.

दुसरा दिवाळीनंतर उतरतो, उत्तरेकडून.
तेच डोकं, तीच पाठ,
पानं उलटायची तीच तिरकी झटक.
गाल मात्र कोरा, सगळाच नारिंगी.
तो इथं असतो तेव्हा जवळजवळ मुकाच असतो.
त्याचं गाणं मी कधी ऐकलं नाही.
तो गातो तिकडे, आणि मी
कधीच नसते तिकडे.

वहीत दोन रकाने आखलेत:
रेघांचा. कोरा.
दुपारपर्यंत अकरा आणि तीन.

कुष्टा वेळीप पाणी तिसऱ्या ओळीला लावत होता.
म्हणाला, गांडूळ तर दोघांनाही तेच लागतं,
तुला गालाचं काय पडलंय?
मी सांगू लागले, पुस्तकांत एकमत नाही,
काही म्हणतात जात एकच, नुसत्या उपजाती,
काही म्हणतात, नाही, आता वेगळं काढा...
त्यानं खोरं पोफळीला टेकवलं.
"माझा भाव गांवकर. हांव वेळीप.
दोगूय एकेच आवयचे."
मग, मला कळावं म्हणून, मराठीत:
"शाळेत नाव घालताना
मास्तर दोन होते."

आणि खोरं उचलून पुन्हा पाण्याकडे.
मला काही बोलायला सुचलं नाही.
पाणी सुपारीच्या टरफलांना ढकलत
चौथ्या ओळीत शिरलं.

चारच्या सुमाराला एक आला, पाटाच्या अगदी काठावर.
दुर्बीण स्थिर धरली, श्वाससुद्धा.
गालावर रेघा होत्या,
किंवा रेघांची सावली,
किंवा वरच्या मिरीवेलीच्या पानाची.
पिल्लू असेल यंदाचं. नसेलही.
पेन्सिल दोन रकान्यांच्या मध्ये थांबली,
तोवर तो बुटक्या गडग्यावरून पलीकडे.

"गेला," कुष्टा म्हणाला, "आता तो
गांवकराच्या वाट्यात."
आणि आपल्याच बोलण्यावर
खोऱ्याच्या दांड्यावर रेलून हसत राहिला.

मी रकाने सोडून खाली लिहिलं:
चार वीस. एक कस्तूर.
गडग्यापलीकडे.