पन्नासास एक

व्हरमाँटमधल्या बेथेलच्या दुकानात
व्हर्ना विचारते, "करवत कुठली? किती जुनी?"
मला फक्त रंग ठाऊक: नारिंगी, विटलेला.

ती हिरवी बाटली मागे सारते,
निळी पुढे करते. "हिचा धूर कमी.
पन्नासास एक. अंदाज नको."

अंदाजावर तर माझं घर चालतं:
फोडणीचं तेल, मीठ, परतायचं साल.

शेडच्या दारावर आधीच्या मालकाची पेन्सिल,
बत्तीसास एक. खाली दोन रेघा.
तो गेला. त्याची करवत
अजून पहिल्या हिसक्याला उठते.

मी कॅनमध्ये पेट्रोल घेते,
निळं तेल मापाने ओतते, खुणेपर्यंत,
मग हात जरासा कलतो.

वादळाने आडव्या केलेल्या मेपलवरून
बर्फ टपटपतोय.
धूर येतो.
येऊ दे.