चार स्टेपन्या, दोन रिमोल्ड

अमळनेर आगारात
भाकरीला कोणी भाकरी म्हणत नसे.
भाकरी म्हणजे स्टेपनी,
कळण्याची असेल तर रिमोल्ड.
ही सगळी करणी हिलाल ड्रायव्हरची.
एरवी दिवसभर तोंडातून शब्द नाही,
ताट पुढ्यात आलं
की बारशाला बसल्यासारखा बसायचा.

पातळ वरण : बोरी नदी,
कारण तळ दिसतो.
फुनके : नटबोल्ट. त्यांच्यावरची कढी : कूलंट.
ठेचा : विनाथांबा.
का, ते दुसऱ्या दिवशी पहाटे कळायचं.
आणि मऊ खिचडी मागितली कुणी
तर अख्खं कँटीन मान वळवून बघायचं :
गाडी वर्कशॉपला लागली का रे भो?

शेवभाजीला मात्र त्यानं नाव ठेवलं नाही.
विचारलं तर म्हणाला,
देवाची थट्टा करू नये.

झेलाबाई चुलीपाशी हे सगळं ऐकायची.
हसायची नाही.
वहीत हिलालच्या पानावर फक्त
'उधारी' एवढंच नाव घालायची.

मग धुळ्याहून एक साहेब आले तपासणीला,
न कळवता,
कोपऱ्यात चहा घेत बसले.
पोऱ्या आत ओरडला :
"चार स्टेपन्या काढ! दोन रिमोल्ड!
नटबोल्ट सरले का? कूलंट तरी टाक!"
साहेबांचा कप बशी आणि ओठ
यांच्या मध्येच उभा राहिला.

आठव्या दिवशी कागद आला.
आगारातील सुटे भाग कँटीनमार्फत
कोणाच्या आदेशाने बाहेर जातात,
याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा.

झेलाबाईनं डबा भरला.
पहाटेच्या धुळे गाडीत
हिलालच्या शेजारी, बॉनेटवर, फडक्यात बांधून.
वर चिठ्ठी :
"ह्याच शेतस त्या स्टेपन्या.
पयले खाई ल्या, मंग लिखा."

डबा संध्याकाळी परत आला. धुतलेला.
खुलाशाचं पुढे काय झालं
कुणी कळवलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

महिन्याभरानं धुळ्याचा शिपाई उतरला,
हातात रिकामी बरणी,
खिडकीशी वाकून, इकडंतिकडं बघून म्हणाला,
"साहेबांनी विनाथांबा मागवलाय.
अर्धाच द्या. मागच्या वेळी
दोन दिवस रजा टाकावी लागली."

झेलाबाईनं वहीचं कोरं पान काढलं,
पेन्सिल जिभेला लावली
आणि वर लिहिलं :
उधारी नंबर दोन.