क्लचवरचा ठोकळा

"सगळं काढ," फोल्कर्ट टेमे म्हणाला,
"लोकांनी जे जे चिकटवलंय ते सगळं.
मला माझी गाडी हवी. चौऱ्याहत्तरची. हिरवी."
आणि नोंदणीचं पुस्तक माझ्या बाकावर ठेवलं.
सहा नावं. पहिलं त्याचं, शेवटचंही त्याचंच,
मधे एकतीस वर्षं
आणि चार अनोळखी माणसं.

ब्राम्शेच्या बाहेर, कालव्याला लागून माझं गॅरेज.
नोव्हेंबरात इथे दुपारी चारलाच दिवा लागतो.
गाडी लिफ्टवर घेतली, खाली उभी राहिले,
तर केसांत गंज पडला, चहापत्तीसारखा.
तेव्हा लोक हसायचे या गाडीला:
पोर्शे म्हणावं तर इंजिन फोक्सवागनचं,
फोक्सवागन म्हणावं तर किंमत ऐकून घाम.
धड सासरची नाही, धड माहेरची नाही.
ऑस्नाब्रुकच्या कारखान्यात माझे काका
हिचे दरवाजे बसवायचे. तेही हसायचे.

बॅटरीखालचा कोपरा सगळ्यांत वाईट.
ॲसिड थेंब थेंब झिरपत राहिलं वर्षानुवर्षं.
पत्रा बोटाने दाबला, बोट आरपार.
तिथे कुणीतरी बिस्किटाच्या डब्याचं झाकण ठोकलेलं,
वरून डांबर.
डांबर खरवडलं तर झाकणावर अर्धी बाई,
हातात ट्रे, हसतेय.
मी शिव्या घातल्या. सावकाश, चवीने.

सैनिकाने स्पीकरसाठी दारांना भोकं पाडलेली. बुजवली.
बेकरीवाल्याच्या पोराने चाकांवर फायबरचे फुगे चढवलेले. उतरवले.
पाचव्याचं काहीच कळलं नाही,
सीटखाली एक हातमोजा निघाला, उजवा.
नारिंगीखाली काळा, काळ्याखाली करडा,
आणि मग हिरवा, कोवळ्या मटाराचा,
नखाएवढा.
टेमे दर शनिवारी यायचा, तेवढ्या नखाकडे बघत बसायचा.
मुलगी झाली तेव्हा गाडी विकली होती,
दोन सीटांत तीन माणसं कुठे बसवणार.
मुलगी आता लायप्झिगला.
हे त्याने मला एकदाच सांगितलं,
आणि लगेच कार्ब्युरेटरबद्दल विचारलं,
जो या गाडीला नाहीच.

फेब्रुवारीत पेडलांपाशी पोचले.
क्लचच्या पेडलवर लाकडाचा ठोकळा.
बीचचा, चार सेंटीमीटर जाड, दोन पितळी स्क्रू,
डोकी खोल बसवलेली, कडा घासून गोल केलेल्या,
बूट अडकू नये म्हणून.
मधोमध एक खळगा पडलेला,
डाव्या पायाच्या चवड्याएवढा.
लहान पाय.
पुस्तक उघडलं. चौथं नाव:
इर्मट्राउट फोसक्यूलर, मेले.
तेरा वर्षं. टेमेची पहिली खेप आठच वर्षांची.
तेरा वर्षं ही बाई त्या खळग्यातून
पहिला गिअर टाकत होती, डावीकडे, खाली.
दूध आणायला. कदाचित दवाखान्यात.
कदाचित कुठेच नाही, नुसतीच, टेकड्यांच्या बाजूला,
छत काढून.
इतकं नीट काम या गाडीत
दुसऱ्या कुणाचंही नव्हतं. कारखान्याचं धरून.

शनिवारी टेमेला दाखवलं.
"हाही काढायचा ना?"
तो आत बसला. एक मीटर एक्याण्णवचा माणूस,
पाय ठेवला, गुडघा स्टिअरिंगला लागला.
पाय काढला. परत ठेवला.
बराच वेळ आतून काही आवाज नाही.
मी हीटरचा वायर ओढत असल्यासारखं केलं.
"स्क्रू गंजलेत?" त्याने विचारलं.
"पितळ आहे. गंजत नाही."
"मग घाई नाही," तो म्हणाला.

एप्रिलात गाडी नेली. हिरवी.
उजवा दिवा मिटायला अजून वेळ घेतो,
मोटर दमली आहे, नवी मिळत नाही.
वळणावर ब्रेकचे दिवे लागले तेव्हा खिडकीतून दिसलं,
तो डावीकडे कललेला,
गुडघा दाराला टेकवून,
उसना कोट अंगात घातल्यासारखा.

झाकण मी टाकलं नाही.
बाकावर आहे. वायसर ठेवते त्यात.