खडूची रेघ

हिंगोलीत, जुन्या मोंढ्याच्या मागं,
नागोरावच्या गिरणीवर माझी खोली.
दिवसभर फरशी थरथरते,
चहाच्या कपात बारीक वर्तुळं उठतात,
लॅपटॉपच्या बटणांमध्ये ज्वारीचं पीठ बसतं.
दर रविवारी ब्रशनं काढते.

एका रक्ततपासणीच्या लॅबचं सॉफ्टवेअर सांभाळते मी.
काउंटरवरची पोरगी नाव घालते, नंबर घालते,
माणूस घरी जातो.
उरलेलं पाठीमागं होतं:
रिपोर्टची फाईल बनवणं, डॉक्टरकडं धाडणं,
पेशंटच्या फोनवर मेसेज टाकणं.
एकेक काम रांगेत येऊन बसतं
आणि माझे चार वर्कर ते उचलत राहतात,
कुणी बघत नसताना.

हे कुठं शिकलात, असं मुलाखतीत विचारलं
तेव्हा पुण्याच्या एका कोर्सचं नाव सांगितलं.
खोटं होतं ते.

खाली बायका डबा ठेवतात, चिठ्ठी टाकतात, निघून जातात.
नागोराव आधी सगळी ज्वारी घेतो, मग गहू,
हरभऱ्याची डाळ शेवटी,
उपवासाची भगर एकादशीच्या आदल्या दिवशी, जातं झाडून.
"माझं अर्धा किलोच हाय, पाव्हणे बसलेत दारात"
असं रोज सातजणी म्हणतात.
सातींचे पाव्हणे खरे धरले
तर हळकुंडाची पिशवी दिवाळीपर्यंत हलायची नाही.
म्हणून तो दर दहा डब्यांमागं
एक जुनं, मागं पडलेलं उचलतो. मुकाट्यानं.
मी ते तसंच्या तसं कोडमध्ये लिहिलं.

एकच गोष्ट उचलायची राहिली.

मार्चातल्या एका दुपारी लाईट गेली,
लॅबच्या जिन्याखालचा सर्व्हर बसला.
उठला तेव्हा रांग रिकामी, पडदा हिरवागार,
सगळं झालं म्हणत होता.
अठ्ठावीस रिपोर्ट कुठंच पोचले नव्हते.

खाली गेले. नागोराव थांबलेल्या पट्ट्याशी
अर्धवट दळलेलं झाडून गोळा करत होता.
"रेघ कधी मारता डब्यावर?"
"पीठ डब्यात पडल्यावर. झाकन लावल्यावर."
मग माझ्याकडं बघून, "आधी कामून मारू?"

मी मारत होते.
काम हातात घेतलं की लगेच.

रेघ दोन ओळी खाली सरकवायला रात्र गेली.
मग निराळंच: अर्धवट राहिलेलं पुन्हा उचललं गेलं
आणि कळमनुरीच्या एका गुरुजींना तोच मेसेज चारदा.
"बाई, माझी साखर चार वेळा वाढली का?"
त्यावरही इलाज केला.

पहाटेपर्यंत सत्तावीस गेले. एक उरलं.
पाच वेळा प्रयत्न,
प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त थांबून,
आणि शेवटी नापासांच्या पेटीत.
पुसायला एक बटण पुरतं. बोट त्यावरच होतं.

पण खाली, सगळ्यात वरच्या फळीवर,
सुतळीनं झाकण बांधलेला एक डबा आहे, श्रावणापासून.
चिठ्ठी उंदरानं खाल्ली.
पीठ केव्हाच कडू झालं असेल.
नवी बाई आली की नागोराव तिकडं बोट करतो,
"तुमचा का हो?"

मी ते काम उघडून वाचलं.
कौसाबाई धुळगुंडे, वय एकसष्ट, सेनगाव.
हिमोग्लोबिन पाच पूर्णांक आठ.
फोन नंबर: आकडे नऊ.

नऊ आकड्यांवर कुठलाच वर्कर पोचला नसता,
सहाव्यांदा नाही, साठाव्यांदा नाही,
कितीही सबुरीनं थांबून.

साडेनऊला काउंटरवरच्या पोरीनं वही काढली, कागदाची.
शेवटचा आकडा घामानं फुटलेला, तीन किंवा आठ.
तीन लावला. आधी शेळी ओरडली,
मग कुणीतरी हॅलो म्हणालं.
"कौसाबाई आहेत का?"
"थांबा, बोलावते,"
आणि फोन तसाच ठेवून ती गेली.

मी थांबले.
खाली पट्टा चढला, कपात वर्तुळं उठली.
रेघ अजून मारली नव्हती.