फाटकावरचा फळा

सहकारनगरात, फाटकाला टांगलेल्या फळ्यावर
मी रोज एक ओळ लिहितो.
काल लिहिलं: शेवग्याला यंदा शेंगाच नाहीत.

रात्रीतून खाली चिकटलं:
'किती खोल विचार! बोअरवेल मारून मिळेल.'
त्याखाली: 'सहमत. मूळव्याध, बिनाऑपरेशन.'

उलथन्यानं खरवडतो.
'पत्रकं चिकटवू नयेत' अशी पाटी लावली,
तर पाटीवरच
वशीकरणवाले बाबा.

देवस्थळी रोज समोरून जातात,
फळा वाचतात, घड्याळ बघतात.
बोलत नाहीत.

आज एक गुलाबी चिठोरं:
'आपलं लिखाण नियमित वाचते, गुडघेदुखीवर तेल मिळेल.'
स्वल्पविरामापाशी नीट फाडलं.
तेल कचऱ्यात.
उरलेलं राहू दिलं फळ्यावर,
चारही कोपरे दाबून.

तसा डावा गुडघा दुखतोच म्हणा.