निळी काच

प्रॅक्टिकलच्या आधी इरण्णामामा पंखे बंद करतात.
एप्रिल. बाहेर त्रेचाळीस.
ज्योत हलता कामा नये, एवढंच कारण,
आणि चोवीस पोरं मुकाट घामाघूम.

मागच्या शेडमध्ये पेट्रोल-गॅसचा जुना प्लँट.
त्याचं वजन वर चढवायला हँडल तेच फिरवतात,
पाणी शेंदल्यासारखं.
मग रबरी नळीतून एक उसासा,
काडी,
आणि भप्प.

भोक बंद असलं की ज्योत पिवळी, ढिली,
परीक्षानळीच्या बुडाला काजळ धरते.
मामा दोन बोटांनी कॉलर फिरवतात
(त्या बोटांवरच्या रेषा कधीच पुसल्यात)
तशी ती निळी होते, घोंघावू लागते,
पोटात आणखी एक लहान ज्योत घेऊन.
"दिसतीय ती कमी भाजती," मामा म्हणतात,
"दिसत नाही तिला भ्या."

तांब्याचं हिरवं. स्ट्रॉन्शियमचं लाल.
वर्ग आ करून बघत होता.
मला त्याचं विशेष वाटलं नाही,
आमच्या गल्लीच्या गटारीतून
डाय हाउसचे रंग वारावारानं जायचे,
सोमवारी चादरीचं हिरवं, गुरुवारी लाल.

मी पेपराच्या पुडीत राख आणली होती.
अम्माच्या सुपातली:
तंबाखूचा चुरा, कातरलेल्या पानांच्या कडा,
हजार बिड्या मोजून दिल्यावर जे उरतं
आणि पाणी तापवायला चुलीत जातं.

तार ॲसिडात बुडवली, राख टिपली, ज्योतीत धरली.
पिवळं.
धुऊन पुन्हा. पिवळं.
"हात लावलास तारेला," मामा म्हणाले,
"घामाचं मीठ आहे ते. सगळ्यांच्या आधी तेच बोलतं."

मग ड्रॉवरमधून, फडक्यात गुंडाळलेली
निळी काच काढली
आणि माझ्या डोळ्यांपुढे धरली.

पिवळं गेलं.
त्याच्या जागी, श्वासभर,
वांग्याच्या फुलाचा रंग, जरासा लालसर.
इतका वेळ तिथंच होता म्हणे.

पोटॅशियम, मी वहीत लिहिलं.
निरीक्षण, अनुमान, दोन रकाने.
तिसरा रकाना नव्हता.

घरी आले तर अम्मा सूप मांडीवर घेऊन बसलेली.
आमच्याकडंही पंखा बंदच असतो,
तंबाखू उडतो.
मी सांगितलं, राखेत असा असा रंग आहे,
आपल्याला दिसत नाही, पण आहे.

तिनं मान वर केली नाही.
इरवै नालुगु, इरवै ऐदु,
कट्ट्याला दोरा गुंडाळला, दातानं तोडला,
आणि मग म्हणाली,
"कारखान्यात बोलू नको कुठं.
त्याचेपण पैसे कापतील."