चमचा सोडून

कौन्सिलनं अर्ध्या किमतीत दिलेला काळा पिंप
मार्चमध्ये आमच्या मागच्या अंगणात उभा राहिला.
त्याला बूडच नव्हतं.
हे काय भांडं झालं, मी म्हटलं.
सुधन्वा म्हणाला, त्यातूनच गांडुळं वर येतात.

पहिला महिनाभर मी त्याला पाहुण्यासारखं वाढलं.
बटाट्याची सालं, कोथिंबिरीच्या काड्या, चहाचा चोथा,
इथवर ठीक.
मग उरलेला फोडणीचा भात,
शिळी पोळी,
डब्यातून तसंच परत आलेलं माशाचं कालवण.
अन्न टाकवत नाही.
टाकलं कुठं, पिंपाला दिलं.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी झाकण उचललं
तर भातावर तो,
ओल्या अंगाचा,
जेवताना कुणी दार वाजवावं तसा वैतागलेला.
मामा म्हणण्याइतका लहान नव्हता.
त्याच्यावर बसायला गणपतीला शिडी लागली असती.
झाकण टाकून मी घरात,
एक चप्पल अंगणातच.

दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडे डेरेक थ्रेलफॉल.
प्रेस्टनमध्ये बावीस वर्षं शेजारी, आणि बोलणं
पावसापलीकडे कधी गेलं नाही.
मी 'सॉरी' आधीच जिभेवर आणून ठेवलेलं.
शिजवलेलं घालतेस ना, त्यानं विचारलं.
मी मान हलवली.
तो आत गेला
आणि परत आला जाळीची गुंडाळी घेऊन,
करंगळीही जाणार नाही अशा भोकांची.
गांडुळाला वाट, उंदराला भिंत.

आम्ही तिघांनी पिंप आडवा केला.
आतून जे घसरत आलं
ते कुजलं नव्हतं, नुसतं आंबलं होतं,
काळं, चिकट, गटाराच्या तोंडासारखं.
सगळं हिरवंच आहे तुझं, डेरेक म्हणाला.
तपकिरी कुठंय?

तपकिरी घरात भरपूर होतं.
टॅक्सची पाकिटं, पाण्याची बिलं,
पेन्शनवाल्यांची दरवर्षीची तीच ती पत्रं.
पाकिटाची प्लास्टिकची खिडकी आधी काढायची,
मग बोटभर रुंदीच्या पट्ट्या.
आईच्या व्हिसाचं नकारपत्र निघालं,
जपून ठेवलेलं, का कोण जाणे.
तेही फाडलं.
पहिल्यांदा कशाच्या तरी उपयोगी पडलं.

चिलटं उठली तर सालं खाली दाबायची,
वर मूठभर पानं.
मुंग्या आल्या तर पिंप तहानलेला आहे, तांब्याभर पाणी.
लाकडातले ते राखाडी किडे आपलेच,
त्यांना हात लावायचा नाही.
आणि येता-जाता पिंपाला एक लाथ.
उंदराला शांतता लागते, डेरेक म्हणाला,
माझ्यासारखीच.
हा विनोद होता, हे मला रात्री कळलं.

लोणच्याला जेवढा धीर धरते
त्याच्या चौपट धरला.
पुढच्या मे महिन्यात खालचं दार सरकवलं
आणि हातात आलं ते कशाचंच नव्हतं,
ना सालीचं, ना पत्राचं.
पहिल्या सरीआधीच्या नव्हे, सरीनंतरच्याही नव्हे,
आपल्याच वासाचं.

त्यात एक चमचा.
घासल्यावर नाव उमटलं: कु. भा. उपळेकर, मिरज.
आमचा नव्हेच.
कुठल्याशा हळदीकुंकवात आमच्यात मिसळला,
आईच्या फडताळातून माझ्या बॅगेत आला,
आणि चौदा महिने उंदराच्या जेवणाखाली
तसाच राहिला, अक्षरासकट.
परत करायचा तर उपळेकरांच्यात आता कोण आहे,
विचारायलाही कुणी नाही.
कप्प्यात ठेवला, आमच्या चमच्यांपासून जरा बाजूला.

डेरेकला बादलीभर खत दिलं, लीकच्या वाफ्यासाठी.
त्यानं थँक्स म्हटलं, आणि पाऊस येईल म्हणाला.

सप्टेंबरात मागच्या पायरीवर बादली.
त्याला कुणी सांगितलं असणार नाही,
भांडं रिकामं परत करू नये म्हणून.
आत दोन लीक होते,
मुळांना माती तशीच.